चार नंबरचा पंखा

नागोजीराव मोहिते हे नाव वाचून मी पहिल्याच दिवशी त्यांच्याशी धडाधड पुणेरी मराठीत बोलायला लागले. त्यांनी तळहात वर करून मला थांबवलं. "स्वल्प हळू, मेडम. आमचे खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात आले होते. मराठी तवाचीच आहे, मध्ये कन्नड भरलंय."

म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका सूतगिरणीत ते चौतीस वर्षं फिटर होते. गिरणीच्या मागच्या अंगाला हवा खेचणारे दहा मोठे पंखे ओळीनं बसवलेले आहेत, ते सगळे नागोजीरावांचे. पंख्याच्या बेअरिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची तपासणी. मी आले होते ती नेमकं हेच काम यंत्राकडून करून घ्यायला. काडेपेटीएवढा बिनतारी सेन्सर, खाली लोहचुंबक. बेअरिंगवर चिकटवला की तो थरथर मोजतो आणि फोनवर पाठवतो. दुसरा कुणी असता तर माझ्यावर डूख धरून बसला असता. नागोजीरावांनी माझी शिडी धरली आणि प्रत्येक बेअरिंगवर सेन्सरसाठी योग्य जागा बोटानं दाखवली. त्यातली एकही जागा मला पुढे बदलावी लागली नाही.

व्यवस्थापक शेषगिरींनी तीन महिन्यांची चाचणी मान्य केली होती. "एक जरी खोटी बोंब उठली, तरी हे डबे परत," असं बजावून. आमच्या कंपनीचं म्हैसूरचं ऑफिस म्हणजे मी आणि बोगादी भागातल्या घरातलं माझं टेबल. चाचणी फसली की मला पुण्याला परत बोलावणार होते. नवऱ्याची नोकरी इथं, मुलीची शाळा इथं. त्यामुळे त्या दहा डब्यांवर माझा जीव टांगलेला होता.

दसऱ्याला मी माहेरी गेले. जाताना सूचनाफलकावर कागद लावला, सेन्सरना कुणीही हात लावू नये. कागद इंग्रजीत. नागोजीराव इंग्रजी वाचत नाहीत हे मला ठाऊक होतं. तोंडानं सांगायला दोन मिनिटं लागली असती, पण मला बसची घाई होती.

नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी म्हैसुरात पान्यापासून बसपर्यंत सगळं धुऊन पुजतात, मग पंखे कसे सुटतील? नागोजीरावांनी पंखे धुण्याआधी दहाही सेन्सर काढले, पाण्यानं खराब होऊ नयेत म्हणून जपून पाटावर मांडले आणि तीही आयुधंच म्हणून प्रत्येकाला गंध लावलं, फूल वाहिलं. गंधाचा ठिपका नेमका सेन्सरवरच्या, पंख्याचा नंबर सांगणाऱ्या बारीक आकड्यावर बसला. पूजेचं गंध लगेच पुसायचं नसतं. ते त्यांनी पुसलं नाही, अंदाजानं सेन्सर पुन्हा लावले आणि कोहळा फोडून घरी गेले.

मी परतले त्या सकाळी सात नंबरचा पंखा फोनवर लालभडक. मी ऐटीत शेषगिरींना सांगितलं, सात बंद करा. अर्धी पाळी थांबवून बेअरिंग उघडलं, तर ते नव्यासारखं चकचकीत! शेषगिरी ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "शनिवारपर्यंत डबे काढा," एवढंच म्हणाले. मी पंख्यांच्या मागे जाऊन सेन्सर बनवणाऱ्यांपासून स्वतःपर्यंत सगळ्यांना यथेच्छ शिव्या घातल्या.

तेवढ्यात नागोजीराव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. एकेका पंख्याला कान लावत ते चार नंबरशी थांबले. बराच वेळ डोळे उघडेनात.

"हा रडतोय, मेडम. तुमचा डबा खोटं नाही बोलला."

त्यांनी चारवरचा सेन्सर काढला, नखानं गंध खरवडलं. खाली आकडा होता सात. मग सातवरचा काढला, त्यावर चार. त्यांचा चेहरा उतरला. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज शेषगिरींच्याच टेबलावर पडलेला होता आणि शेषगिरी नियमाचे पक्के.

मी घाईघाईनं म्हणाले, "कुणी बघितलं नाही. मी अदलाबदल करते आणि लावतानाच माझ्याकडून चुकलं म्हणून सांगते. इंग्रजी कागदाची चूक तशी माझीच आहे."

"बेड, मेडम. नको. तुम्हीच चुकीचे लावले म्हणालात, तर त्यांना डब्यांवरही भरवसा नाही, तुमच्यावरही नाही. आणि माझी चूक ती माझी. मला द्या."

मी हात धरायच्या आत ते शेषगिरींच्या खोलीत शिरले. तासाभरात चार नंबर उघडला. बेअरिंगच्या आतल्या कडीचे पापुद्रे सुटले होते. आणखी आठवडाभर चालला असता तर पंखा जागेवरून उखडला असता. चाचणी वाचली. शेषगिरींनी पन्नास सेन्सर मागवले. मुदतवाढीचा अर्ज मात्र नामंजूर होऊन परत आला. मी दोनदा रदबदली करायला गेले, दोनदा हात हलवत परत आले. डिसेंबरात नागोजीराव शाल-नारळ घेऊन घरी गेले.

आज मी या गावात आहे, रोज मुलीशेजारी जेवायला बसते, ती या माणसामुळे. त्यांचे आभार मी फोनवर कितीदा मानले, पण दर वेळी ते "बरं, जेवलात का?" असं विचारून विषयच बदलायचे.

यंदा आयुधपूजेला शेषगिरींनी स्वतः फोन करून त्यांना बोलावलं. नागोजीराव धुतलेल्या धोतरात आले. बंद पंख्यांना त्यांनी एकेक करून गंध लावलं, पण सेन्सर आला की हात मागे बांधून पुढे सरकायचे. मला ते बघवेना. मी चार नंबरचा सेन्सर काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "याची पूजा तुम्हीच करायची."

माझा फोन वाजला. चार नंबर लाल, थरथर मर्यादेबाहेर. पंखा तर बंद होता. मी त्यांच्या तळहाताकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "चालू मशीनवर हात ठेवला की कापरं कळत नाही हो कुणाला. म्हणून तर आणखी दोन वर्षं मागितली होती."

मी त्यांच्या हाताखाली माझा हात धरला. रांगेच्या टोकाला शेषगिरींचाही फोन वाजला होता. तिथूनच त्यांनी विचारलं, "चार नंबरला काय झालं?"

"काही नाही सर," मी म्हणाले, "माझी चूक."

या खेपेला नागोजीरावांनी ती मला घेऊ दिली.