न आलेला हुकूम

अकरा जानेवारी. काम एकच: नणंदेला दर्ग्यातून उठवून संध्याकाळच्या आत इस्पितळात भरती करायचं. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ दिली होती. ती चुकली तर पोंगलचा सण आटपेपर्यंत थांबावं लागेल आणि तेवढं थांबू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

दर्गा तंजावूरच्या बाहेर, जिथं जमीन खणली की जांभा दगड लागतो त्या बाजूला आहे. जांभ्यातच खाली मशीद कोरलेली, अकरा पायऱ्या उतरून. तिच्या आतल्या अंगाला पीर बाबांची कबर. बायकांनी शेवटच्या पायरीपर्यंतच जायचं. आजारी माणसं वरच्या ओवरीत पडून राहतात आणि बाबा स्वप्नात येऊन ‘जा’ म्हणेपर्यंत उठत नाहीत. तमिळमध्ये त्याला उत्तरवु म्हणतात, म्हणजे हुकूम. आमच्या तंजावुरी मराठी घरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथं जातात. नणंद सहा दिवस पडून होती.

"अक्का, ऑटो थांबलाय," मी म्हटलं.

"थांबू दे की. बाबांनी अजून सांगितलं नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"डॉक्टर काय गे, फी घेऊन सांगतो. तूच झोप घटकाभर माझ्या शेजारी. घरच्या बाईला आलेला हुकूमही चालतो. तुला तर लग्नात होमापुढंसुद्धा डुलकी लागली होती."

आडवी झाले. झोप लागली नाही. पायऱ्यांकडून गार वारा यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. खाली कुणीतरी संथपणे श्वास घेत असावं तसा. डोळे मिटून पाचशेपर्यंत आकडे मोजले आणि उठून बसले.

"आले होते," मी म्हणाले. "जा म्हणाले."

तिनं विचारलं, "पाय ओले होते?"

"होते," मी म्हटलं.

तिनं लगेच चटई गुंडाळली. ऑटोत म्हणाली, "मला सहा दिवस नुसते ओले पायच दिसताहेत गे. वर बघावं तर जाग येते. तोंड कसं होतं?"

मी सांगू लागले: बारीक चण, पिकलेली दाढी, एक पापणी अर्धी मिटलेली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मी काही जुळवत नव्हते. चेहरा समोर दिसत होता आणि मी दिसेल तसं सांगत होते. असा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही.

इस्पितळात तिनं कागदांवर मुकाट सही केली. नर्सला म्हणाली, "बाबांची परवानगी आहे. हिलाच विचारा."

नर्स हसली. मला हसू आलं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर अक्काचं काही बरंवाईट झालं, तर तिला तिथं पाठवणारी मी होते. घरी येऊन स्वयंपाक केला, डबा भरून नवऱ्याला तिच्यापाशी पाठवलं. तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं दर्ग्यात गेले. अकरा पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर थांबले. आत एक दिवा, बाकी काळोख. तमिळमध्ये सुरुवात केली आणि मराठीत संपवलं: तुम्ही आला नव्हतात, मी खोटं सांगितलं. राग असेल तर माझ्यावर काढा. तिला दहाला आत नेतील. तिनं जायचं की नाही ते आत्ता सांगा.

काही ऐकू आलं नाही. परतीची बस आठची होती. ती निघाल्याचा हॉर्न वरून ऐकू आला. मी तिथंच पायरीवर बसले आणि डोळे मिटून घेतले, या वेळी आकडे न मोजता.