टेकडीवरची संगीता

संगीता गेल्याची बातमी मला वारज्याच्या टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी तिच्याच फोनवरून दिली. डेंग्यूचा ताप तिनं साधा समजून अंगावर काढला होता. "आमची संगीता गेली," ते म्हणाले, आणि मग, "आपण तिच्या कोण?" शाळेपासूनची मैत्रीण, मी सांगितलं. रडू नंतर आलं. आधी त्या 'आमची'चा राग आला...

अंबाजोगाईहून आम्ही दोघी एकाच एसटीनं पुण्यात आलो. तिच्या मांडीवर दशम्यांचा डबा, माझ्या मांडीवर बाबांच्या चळवळीतल्या पत्रकांचा गठ्ठा. त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. शनिवार पेठेत कॉट बेसिसवर खोली घेतली आणि तिथूनच हे शहर आमच्यात डावं-उजवं करू लागलं. खोली एक, पंखा एक. पण घरमालकीणबाई तिला म्हणायच्या, "संगे, पोहे केलेत, ये गं." मला म्हणायच्या, "अहो, आपण पंखा बंद केलात का?" कसब्यातले जे दुकानदार मला सुटे नाहीत म्हणून परत पाठवायचे, तेच तिच्याकडे तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. मी या शहराशी पाण्याच्या टँकरवरून, तोडलेल्या झाडांवरून भांडत होते, म्हणजे खरं तर त्याचीच काळजी करत होते. त्याला मात्र ती आवडली.

नोकरी लागल्यावर ती वारज्याला, टेकडीच्या पायथ्याशी राहायला गेली. तिथली माणसं सकाळी चढताना पाण्याचा कॅन नेतात आणि आपापल्या रोपाला घालतात. टेकडी फोडण्याविरुद्ध मी पत्रक लिहिलं आणि ते वाटायला वर गेले. त्या गृहस्थांनी ते उलटसुलट पाहिलं. "कागद जाड आहे. कॅनखाली ठेवायला बरा." संगीता हसली. त्यांच्या बोलण्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं.

"तुझ्या इमारतीनंच टेकडीचा पाय तोडलाय," मी म्हणाले.

"म्हणून तर पाणी घालतेय. तू पण एक कॅन आण की."

मी आणला नाही. टेकड्या कॅननं वाचत नाहीत असं मला तेव्हा वाटायचं, आजही वाटतं. पण खाली उतरताना ती त्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात होती आणि उरलेली पत्रकं घेऊन मी मागे.

तिची आई फ्लॅट आवरायला आली तेव्हा मी मदतीला गेले. कॅन गॅलरीत होता, धरायच्या जागी तिच्या जुन्या ओढणीची चिंधी गुंडाळलेला. "हे कशाला न्यायचं गावाकडं? तूच ठेव," त्या म्हणाल्या. त्याच रविवारी मी तो घेऊन वर गेले. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅनकडे. "भरलेला आहे ना? तो कडुनिंब तिचा."

तेव्हापासून दर रविवारी जाते. चिंधीला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास येतो. गेल्या रविवारी पोचले तर कडुनिंबाचं आळं आधीच ओलं होतं. कुणी घातलं ते कुणी सांगेना. "अहो, तिची माणसं कमी आहेत का?" गृहस्थ म्हणाले. मी त्या ओल्या मातीवरच माझा अख्खा कॅन ओतला, पाणी वाहून गेलं तरी.

येत्या रविवारी मी उजाडायच्या आत निघणार आहे.