मार्थाअक्काची एका दमातली बोली

मार्थाअक्का भोपळा विकायला उभी राहिली की भोपळ्याची नवरी व्हायची. दोन्ही हातांवर तो उचलून धरायची आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं रूप सांगायची. रंग बघा, अंग बघा, कुठं डाग न्हाई, माहेर चांगलं हाय, कोण नेतंय हिला? लोक हसता हसता बोली लावायचे. आमच्या सुगीच्या सणाचा हर्रास म्हणजे लिलाव, आणि तो ती अनेक वर्षं पुकारत होती. तिच्या हातात पितळेची थाळी असायची, एकवार, दोनवार, तीनवार म्हणून तिच्यावर पळी हाणायची. मी गवंडी माणूस, त्या चर्चच्या भिंती मीच बांधल्या. तिच्या आवाजानं माझ्या भिंती घुमायच्या तेव्हा माझी छाती फुगायची, हे मी लपवत नाही.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव दुबलगुंडीच्या वाटेवर. ज्वारी, तूर निघाली की प्रत्येक घरानं देवापुढं काहीतरी आणायचं, कोंबडी, ऊस, शेंगा, जे पिकलं ते. मग हर्रास. ज्यानं भोपळा घेतला त्यानं तो घरी न्यायचा नाही, परत देवाला द्यायचा, अक्कानं तो परत विकायचा. एकच भोपळा पुन्हा पुन्हा विकला जायचा. पैसे आजारी माणसांच्या घरी जायचे. एकच वस्तू परत यायची नाही, ती म्हणजे ज्वारीची पहिली पेंढी. ज्याची बोली शेवटची, त्यानं ती वर्षभर दारावर बांधायची. आणि पुकारणाऱ्यानं स्वतः बोली लावायची नाही, हा नियम.

अक्का माझी शेजारीण, माझ्यापेक्षा मोठी. मला ती दाविद्या म्हणायची, माझे केस पांढरे झाले तरी. एकटी राहायची, शेळ्या पाळायची. कुणी प्रार्थनेत पुटपुटायला लागलं की म्हणायची, "मोठ्यानं बोल की. देवाला ऐकू येतंय, पण शेजारच्याला बी कळू दे तुला काय पाहिजे, एखाद्या वेळी त्याच्याच घरी असंल." दुसऱ्याच्या घरातली अडचण तिला चुलीच्या धुरावरून कळायची. विचारायची नाही, नुसतं पीठ घेऊन जायची आणि वर त्याच घरात बसून भाकरीला नावं ठेवून यायची.

मग हैदराबादकडचे एक ब्रदर, म्हणजे गावोगाव फिरणारे उपदेशक, आले. हुमनाबादला मंडप पडला. काय ती गाणी, काय तो ढोल! मी रोज गेलो. ब्रदर म्हणाले, तुम्ही राजाची लेकरं, मग पत्र्याखाली का झोपता? विश्वास छोटा, म्हणून खिसा छोटा. देवाच्या हातात बी पेरा, जे सगळ्यात प्यारं ते द्या, देव शंभर पटीनं परत देतो. मला ते पटलं. जन्मभर मी दुसऱ्यांचे बंगले बांधले. माझाही एक असावा, असं देवाला वाटत नसेल का? आजही मी तेच म्हणतो. आमच्या जुन्या लोकांनी गरिबीलाच पुण्य समजून आम्हाला खाली बसवून ठेवलं.

अक्काशी यावरून माझं रोज भांडण.

"बंगला बांध की," ती म्हणायची. "मी कुठं नको म्हणायलेय? पण बंगला झाला की देव खूश, न्हाई झाला की देव रुसला, हे कुणी सांगितलं तुला? देव काय अडत्या हाय का, माल बघून भाव करायला?"

"मग लोक गरीब कामून हायेत? विश्वास कमी हाय म्हणूनच की," मी म्हणालो.

"प्रभूला तरी स्वतःचं घर कुठं होतं? त्याचा विश्वास कमी होता व्हय रे, दाविद्या?"

मी म्हणालो, प्रभूचं वेगळं आहे. ती हसली, आणि तिच्या शेळीकडं बघून म्हणाली, हिला बी असंच काहीतरी बोलता येतं. मी दोन दिवस तिच्या दारातून गेलो नाही.

आमच्या गल्लीत राहेल नावाची पोरगी राहायची. नवरा हैदराबादेत बांधकामावर, घरात एक म्हैस, आणि तिची लेक रेबेका, जन्मापासून डावं पाऊल आत वळलेलं. घर म्हशीच्या दुधावर चालायचं. राहेलही मंडपात यायची, सगळ्यात पुढं बसायची. त्या साली आमच्या पंचांनी ब्रदरना सुगीच्या सणाला बोलावलं. ब्रदरनी जाहीर केलं, पहिल्या पेंढीवर बोली म्हणून जो आपलं सगळ्यात प्यारं ठेवील, त्याची सगळ्यात मोठी गरज वर्षाच्या आत भागेल.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन कोंबडे सुटून ढोलावर चढलेले, ऊस आडवे पडलेले, लेकरं शेंगा चोरायलेली. तेवढ्यात दारात गडबड झाली. राहेल आली, एका काखेत रेबेका आणि दुसऱ्या हातात म्हशीचा दोर. म्हैस पायरीपाशी उभी राहून हंबरायला लागली, आणि गल्लीतून तिचं पारडू उत्तर द्यायला लागलं. ब्रदर उभे राहिले, दोन्ही हात वर करून हालेलुया म्हणाले. मला वाटलं, आज काहीतरी घडणार.

घडलं. अक्कानं पेंढी उचलली. रूप सांगितलं नाही, माहेर सांगितलं नाही. तिनं एकदा राहेलकडं पाहिलं, एकदा म्हशीकडं. राहेलनं दोर धरलेला हात वर केला, तोंड उघडलं, आणि तिचा शब्द बाहेर पडायच्या आत अक्का एका दमात ओरडली, "एक नारळ, बोलणारी मार्था, एकवार दोनवार तीनवार!" आणि थाळीवर पळी अशी हाणली की कोंबडे खाली आले.

एका नारळावर पहिली पेंढी! तीही पुकारणारीनंच घेतलेली! सगळं चर्च उठलं. पहिला मी ओरडलो, ही लबाडी आहे म्हणून. पंचांतले सिमोनअप्पा म्हणाले, "अक्का, तीनवारच्या मधी श्वास घ्यायचा असतो."

"म्हातारी झालेय, अप्पा. श्वास पुरत न्हाई आता."

राहेल जागीच खाली बसली. "अक्का, तू माझ्या लेकीचं पाऊल नेलंस," एवढंच म्हणाली. ब्रदर मोठ्यानं म्हणाले, देव आणि देणाऱ्याच्या मध्ये जो येतो त्याला त्याचा हिशोब द्यावा लागेल. अक्का त्यांच्याकडं वळलीच नाही. राहेलला म्हणाली, म्हैस घरी ने, पारडू ओरडायलंय.

पंचांनी थाळी काढून घेतली. अर्धी मंडळी ब्रदरच्या माणसांनी उभारलेल्या नव्या पत्र्याच्या सभागृहात गेली. मीही गेलो, अजून जातो, तिथली गाणी चांगली असतात. राहेल तर अक्काचं तोंड बघेना. समोरून अक्का आली तर पदर ओढून घ्यायची. नाताळला तिचा नवरा आला, तेव्हा अक्का त्याला गाठून म्हणाली, पोरीला कलबुर्गीच्या दवाखान्यात दाखवू. तो, रेबेका आणि अक्का गेले. मग किती वेळा प्लास्टर, एक ऑपरेशन. खर्चाला म्हशीचं दूध होतंच. पाऊल बरंच सरळ झालं, थोडी लंगडते. आमच्या सभागृहातले म्हणायचे प्रार्थनेनं झालं, जुन्या चर्चमधले म्हणायचे डॉक्टरनं. अक्का म्हणायची, "तुम्ही भांडत बसा. पोरगी चालायलीय."

तिचं जाणं जवळ आलं तेव्हा मी रोज तिच्या खाटेपाशी बसायचो. एका दुपारी राहेल दुधाचा तांब्या घेऊन आत आली. किती वर्षांनी त्या दारात तिचं पाऊल पडलं. तांब्या खाली ठेवला आणि उभ्यानंच विचारलं.

"अक्का, त्या दिशी मी म्हैस दिली असती, तर हिचं पाऊल पुरतं सरळ झालं असतं का?"

मला वाटलं, अक्का आता अडत्याचं ऐकवणार.

"मला काय ठाव," म्हणाली. "त्या दिशी बी ठाव न्हवतं."

"मग कामून अडवलंस?"

"म्हणून तर पेंढी माझ्या नावावर घेतली. माझं चुकलं असंल, तर देवानं माझ्यावर रागवावं. तुला अन् पोरीला बोल नको. तेवढंच सुचलं मला, एका दमात."

राहेल खाटेच्या पायथ्याशी बसली आणि अक्काचे पाय दाबायला लागली. अक्का चार दिवसांनी गेली.

राहेल आली त्या दुपारी मी उठून बाहेर आलो. देणं, पेरणं, विश्वास, याच्यावर माझ्याकडं उत्तर होतं, आजही आहे, आणि मी कुणासमोर बोलायला घाबरणारा माणूस नाही. पण त्या दोघींसमोर ते मला बोलता आलं नाही.