गाभोळीची मासळी

उन्हाळा सरत आला होता आणि डोंगरातलं तळं पार तळाला गेलं होतं. मी बसले होते त्याच काठावर एक नवराबायको सकाळपासून गळ टाकून बसले होते. उन्हं कलताना कुठे एक मासळी लागली, चांगली हातभर लांब. गळ सोडवताना बाईनं तिच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि ती थांबली.

"गाभोळी भरलीय हिची, पोटभर अंडी आहेत."

पाण्यात उतरून तिनं मासळी दोन्ही हातांनी अलगद सोडली. "जा बाई, आधी मोकळी हो."

"म्हणजे आज पिठलं," नवरा म्हणाला.

"पिठलंच."

आभाळात ढगाचा पत्ता नव्हता, आणि ही बाई पावसातल्या बाळंतपणाची सोय लावत होती. मी नुसती बघत राहिले.

रिकामी टोपली उचलत नवरा हसला, "पोरी झाल्या तर तुझंच नाव ठेवील ती."