टपरीवरचं ट्रेनिंग

आमच्या येरवड्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनिंग हवं असेल तर अर्ज नव्हता, रांग नव्हती. चहाची टपरी होती. चारच्या सुमाराला साहेब खाली सिगारेट ओढायला जायचे, भोवती पोरांचं कोंडाळं जमायचं, आणि जावा शिकायला कोणाला पाठवायचं ते चहा संपायच्या आत ठरून जायचं. आम्ही बायका वर. आमचा चहा मशीनचा, पुळकवणी.

शेजारच्या टेबलावर अमरावतीची एक मुलगी बसायची. आम्ही दोघी जुन्या सिस्टिमवर, आणि ती सिस्टिम कंपनी बंद करत होती. नवं येत नसेल त्याला नारळ, हे उघड होतं. तिचं काम दिवाळीला संपणार होतं, माझं मार्चअखेर. त्यात नवऱ्याचा पिंपरीचा कारखाना बंद पडलेला. घर माझ्या पगारावर चाललं होतं. त्या मुलीने ट्रेनिंगसाठी साहेबांना मेल केला, पुन्हा केला. उत्तर नाही. समोर जाऊन विचारलं तर म्हणाले, "अहो, आधी बोलायचं ना! कालच ठरलं खाली."

माझं डोकंच फिरलं. नारायण पेठेत वाढले मी. आमच्याकडे बेल कितीदा वाजवायची याचीसुद्धा पाटी असते, आणि इथे माणसाची नोकरी टपरीवर ठरते म्हणजे काय!

रविवारी बसून नियम लिहिले. मागणी कँटीनबाहेरच्या बोर्डावर लावायची. ज्याचं काम आधी संपतं, त्याचा नंबर आधी. साहेबांनी हो किंवा नाही, कारणासकट, तिथेच लिहायचं. आणि खाली ठसठशीत अक्षरात: टपरीवर केलेली मागणी ग्राह्य धरली जाणार नाही.

साहेब हसले. "फारच पुणेरी झालं हो हे."

"मोठ्या साहेबांना दाखवू?" मी विचारलं. हसू मावळलं. मी दाखवलंच. मी रोज जाऊन मोठ्या साहेबांना विचारायचे, काय झालं; शेवटी कंटाळून त्यांनी सही केली.

पुढच्या बॅचला आमच्या विभागाची एकच जागा होती. बोर्डावर आमच्या विभागाचे दोन कागद, तिचा आणि माझा. नियमाने जागा तिची. तिने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. मला आनंद झाला, आणि मनात मार्चपर्यंतचे महिनेही मोजले.

दुपारी साहेबांचा फोन. "मॅडम, या की खाली चहाला. शेजारच्या विभागाची एक जागा सुटली आहे, तुमचं नाव घालून टाकतो. बोर्डाबिर्डाची भानगड नको."

त्या विभागातल्या दोघांचं काम माझ्या आधी संपत होतं, बोर्डावर त्यांचे कागद माझ्या वर होते. मला पाठच होतं ते. तरी जिन्यापर्यंत गेले. खोटं कशाला बोलू, एक पायरी उतरलेसुद्धा. मग परत फिरले आणि फोन लावला.

"ती जागा बोर्डावर लावा, साहेब," मी म्हटलं. "चहा मी वरच घेते."