साडूने दाबून ठेवलेला ताप

माझ्या साडूइतका विषाणूंवर चिडलेला माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही, आणि साडूवर माझ्याइतका चिडलेला माणूस तर कुठेच नाही. कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाला, पण वर्ग सुटला नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या पाणी येणार नाही’ लिहिलं की उरलेल्या जागेत हा पेशी काढून ठेवतो. भाजीवाल्यापाशी कुणी ‘व्हायरल आहे, जाईल दोन दिवसांत’ म्हटलं, की हा हातातली मेथी उगारतो. ‘जाईल? काही जातच नाहीत, यार! आत दडून बसतात जन्मभर! आजारी पेशी दारावर लाल फडकं लावते, मारेकरी पेशींनी यावं म्हणून. फडकं लावायचा निरोप आतून चिठ्ठीवर येतो. हा हरामखोर विषाणू आरएनएचा एवढासा तुकडा सोडतो, तो चिठ्ठीला चिकटतो, चिठ्ठी बाद! आणि पहाऱ्याला पत्ता नाही. समोर येऊन लढ ना!’ भाजीवाला बिचारा मान डोलावतो.

दोन वर्षांपूर्वी मेहुणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला आपली एक किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी औषधं देऊन पहारा ढिला ठेवावा लागतो. म्हणून ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, हा पहिला नियम. आणि या विद्वानाने चार दिवस ताप लपवला! मेहुणी थर्मामीटर द्यायची, हा पाठ फिरवून पारा झटकायचा आणि ‘नॉर्मल’ म्हणून परत द्यायचा. का, तर ती इतक्या दिवसांनी गणपतीला माहेरी कणकवलीला निघायची होती, तिचं जाणं रद्द होऊ नये. पाचव्या दिवशी बाथरूमच्या दारात कोसळला. तपासणीत तसलाच दडून बसलेला विषाणू निघाला. हॉस्पिटलात मी त्याला इतका झापला की नर्सने मला बाहेर काढलं. मेहुणी ओरडली नाही. ‘माझी किडनी आहे ती,’ म्हणाली, ‘मला विचारायचंत तरी.’ संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘चिठ्ठी मीच फाडली रे.’

किडनी वाचली, पण आता जेमतेम काम करते. तेव्हापासून रोज सकाळी आठला साडू आपला ताप सोसायटीच्या फळ्यावर लिहितो. लोक हसतात. मीही हसायचो.

परवा साडेआठ झाले तरी फळा कोरा. लिफ्टची वाट न बघता मी तीन जिने चढलो आणि बेल दाबून धरली. त्यानेच दार उघडलं. ‘काय रे? खडू संपलाय,’ म्हणाला. मी तोंडाला येईल ते बोललो, शेजारची दारं उघडली तरी थांबलो नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि थर्मामीटर पुढे केला.

‘झटकलेला नाही. तूच वाच.’

मी तो हातात घेतला, पण बराच वेळ मला आकडा काही वाचता येईना.