डाव्या डोळ्याचं धनुष्य

दुपारच्या सुट्टीत डबा उघडला आणि ऋतूचा फोन आला. ऋतुजा, माझी धाकटी बहीण. ती या वेळेला कधी फोन करत नाही, त्यामुळं नाव दिसताच डबा बाजूला सारला. माझा स्वभावच तसा. घरून अवेळी फोन आला की उचलायच्या आतच आई, अण्णा, गोठ्यातली जनावरं, सगळ्यांची काळजी करून होते. पण त्या काळजीत तात्या कधी नव्हते… "दादा, तात्या गेले," ती म्हणाली. आणि मी खुळ्यासारखं विचारलं, "डाळिंबाला पाणी सोडलं का सकाळी?" ती म्हणाली, "सोडलं." मी इकडं विशाखापट्टणमला, जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात वेल्डर आहे. मिळेल ती गाडी धरून गावी, सांगवीला, पोचेपर्यंत सावडायचंसुद्धा उरकलं असतं. गेलो नाही. सहा आठवडे झाले, ते टोचतंय, म्हणून लिहायला बसलो. शाळा मी नववीतच सोडली. लिहिण्यातल्या चुका ऋतूनं दुरुस्त केल्यात, राहिल्या असतील त्या माझ्या.

तात्या म्हणजे रंगनाथतात्या. मूळचे इंदापूरकडचे, पण सगळी नोकरी सोमेश्वरनगरला, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून. धनुष्यबाणाचा नाद कसा लागला हे ते दर वेळी वेगळं सांगायचे. कधी म्हणायचे, एका शिबिरात पोरांची मोडलेली धनुष्यं जोडून द्यायला गेलो आणि तिथंच अडकलो. कधी म्हणायचे, रिटायर झाल्यावर घरात बायकोच्या पायात पायात यायला लागलो, तिनंच हाकललं. खरं काय ते काकींना माहीत. वडगाव निंबाळकरच्या शिवारात, एका ओळखीच्या माणसाच्या पडीक तुकड्यावर त्यांनी गवत दाबून बांधलेली टार्गेटं उभी केली होती, शेजारी पत्र्याची शेड. आठ-दहा पोरंपोरी यायची. फी नव्हती. कुणी मेथीच्या चार जुड्या आणायचं, कुणी दूध. शिकवताना तात्यांचा आवाज चढायचा नाही, पण टोमणा असा बसायचा की दोन दिवस निघायचा नाही. आणि कौतुक म्हणजे दोनच शब्द, "बरं हाय."

ऋतू अकरा वर्षांची असताना तिच्या शाळेत कुणीतरी हा खेळ दाखवून गेलं आणि पोरीनं घरी येऊन तुरकाठीला सुतळी बांधली. मी तेव्हा ट्रॅक्टरवर ऊस ओढत होतो. हंगाम संपला तसा पुण्याला गेलो आणि तिच्यासाठी खरं धनुष्य घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, किती वर्षांची मुलगी? मी म्हटलं, थोडं मोठंच द्या, वाढतीय. आमच्याकडं गणवेश, चप्पल, सायकल, सगळं वाढत्या अंगाचंच घ्यायचं असतं. खाली दोन दुमडी घालायच्या आणि तीन वर्षं बघायचं नाही. मी धनुष्यही तसंच घेतलं. तात्यांपुढं नेलं तर त्यांनी दोरी जरा ओढून बघितली आणि माझ्याकडं बघितलं. "संतोषराव, ह्याला खालनं दुमडायची सोय कुठं दिलीय?" पोरं फिदीफिदी हसायला लागली. "पैलवानानं ओढायची दोरी हाय ही. पोरीचा खांदा निखळला तर त्यो बी वाढत्या मापाचा आणणार व्हय?" माझं धनुष्य शेडच्या भिंतीवर टांगलं गेलं आणि ऋतूच्या हातात मैदानावरचं हलकं, बांबूचं आलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण हलक्या धनुष्यानंही जमेना. ऋतूचे बाण डावीकडंच जायचे. एखाददुसरा नाही, सगळे. टार्गेटच्या डाव्या अंगाला गवतात आम्ही बाण शोधत फिरायचो. तात्या म्हणाले, हिचा डावा डोळा मधी मधी करतोय. आधी तो मिटायला लावला, मिटता येईना. मग कापडाची पट्टी बांधली. पट्टी बांधली की बाण जरा सरळ जायचे, सोडली की पुन्हा गवतात. असे चार महिने गेले. ऋतूचं डोकं दुखायचं, पट्टीखाली डोळा पाझरायचा. पोरं तिला "समुद्री चाच्यांची राणी" म्हणायची. मग मैदानावर जायच्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. आई म्हणाली, राहू दे एवढा दिवस. ते ऐकून मला माझे दिवस आठवले. कारण मी शाळा सोडली ती अशीच. ठरवून नाही. एक दिवस गेलो नाही, मग आठवडा, मग जायची लाज वाटायला लागली, मग ट्रॅक्टरवर बसलो. सुटायला लागलेलं कसं सुटतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि ते थांबवायचं कसं ते मात्र ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तात्याच स्कूटरवरून दारात. "पोरगी कुठं हाय?" ऋतू डाळिंबात होती. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसून पाणी अडकलं होतं, म्हणून आम्ही नळ्या सोडून झटकत होतो. ती एकेक नळी उचलायची, डोळ्याला लावून आरपार उजेड दिसतो का बघायची आणि खाली टाकायची. तात्या बांधावर उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता रागावतात. चार-पाच नळ्या झाल्या तसे म्हणाले, "ऋतू, दुसऱ्या डोळ्यानं बघ की जरा."

"कंच्या?"

"उजव्या."

तिनं नळी उजव्या डोळ्याला लावली, तोंड वाकडं केलं. "ह्यानं न्हाय दिसत नीट." आणि पुन्हा डाव्याला लावली.

तात्यांनी तिला समोर उभं केलं. "दोन्ही डोळं उघडं ठेव आन् माझ्या नाकावर बोट धर, लांबनं." तिनं बोट धरलं. तात्यांनी स्वतःचा एक डोळा मिटला आणि मला मागं बोलावून घेतलं. त्यांच्या खांद्यावरून बघितलं तर ऋतूचं बोट बरोबर तिच्या डाव्या डोळ्यावर आलं होतं. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. तात्यांनी मग मला समजावलं. माणसाचा एक डोळा कारभारी असतो, नेम तोच धरतो. बहुतेकांचा हात आणि डोळा एकाच बाजूचे असतात, हिचा हात उजवा आणि डोळा डावा. उजव्या गालाशी दोरी ओढली तरी नेम डाव्या डोळ्यानं धरणार, मग बाण डावीकडं नाही जाणार तर कुठं जाईल?

मग ते बांधावर बसले आणि सत्तरीच्या त्या माणसानं अकरा वर्षांच्या पोरीपुढं स्वतःचे दोन्ही कान धरले. "पोरी, चार महिनं मी तुझा चांगला डोळा बांधून ठिवला. पहिल्याच दिवशी बघायचं ते बघितलं न्हाय. चूक माझी हाय, तुझी न्हाय." ऋतू हसायला लागली. मला हसू आलं नाही. फळ्यावरचं गणित कळत नव्हतं तेव्हा दोष माझ्याच डोक्याचा, असं मी धरून चाललो होतो. शिकवणाराही चुकू शकतो आणि तसं सांगू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी चहा झाला. तात्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पट्टी बांधून असंच उजव्यानं चालू ठेवायचं, दिवाळीनंतरच्या शाळेच्या स्पर्धेत बरं दिसेल. दोन, डावखुरं धनुष्य घ्यायचं, उजव्या हातात धरायचं आणि डाव्यानं ओढायचं. पुन्हा पहिल्यापासून, आणि यंदा नंबराचं नाव काढायचं नाही. आई म्हणाली, "डाव्या हातानं? बरं दिसतंय का ते, तात्या?" तात्या म्हणाले, "ताई, नैवेद्य न्हाय दाखवायचा, बाण सोडायचाय. हात शिकतो. डोळा आपलं ऐकत न्हाय." मग ऋतूकडं वळले. "तू सांग." तिनं एकच विचारलं, "मग पट्टी न्हाय ना बांधायची?" न्हाय म्हटल्यावर म्हणाली, "डावं."

मैदानावरची सगळी धनुष्यं उजव्या हाताची. तात्यांच्या ओळखीतल्या इंदापूरच्या एका मास्तरांचा डावखुरा मुलगा पूर्वी खेळायचा, त्याची दोन धनुष्यं घरात पडून होती. एका रविवारी बारामतीहून एसटीनं आम्ही तिघं गेलो. मास्तरांनी दोन्ही धनुष्यं ओसरीवर मांडली. एक लालकाळं, चकचकीत, नव्यासारखं. दुसरं साधं लाकडी, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं. माझा हात आपोआप लालकाळ्याकडं गेला. तात्या म्हणाले, "थांबा जरा," आणि ते ऋतूच्या हातात दिलं. "दोरी ओढून धर. बाण न्हाय, म्हून सोडायची न्हाय, हळूच परत आणायची. धरल्या धरल्या बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"तुमच्या शेळ्यांची नावं सांग."

ऋतूनं दात खाऊन दोरी ओढली. "चंद्री… बानू…" कोपर थरथरायला लागलं, मान ताठली, तिसरी शेळी काही येईना. तात्यांनी दोरी परत आणायला लावली आणि लाकडी धनुष्य दिलं. तिनं ओढलं. "चंद्री, बानू, कपिली, टिकली, आन् ती खोडील हेमा, ती तात्या दोर तोडून शेजारच्या मकंत जाती, बोलणी मला बसत्यात, आन् आई म्हणती तूच सोडली आसशील—"

"बास, बास! ठिव खाली. हे तुझं."

मास्तर डोळे पुसेपर्यंत हसले. मी तरीही म्हटलंच, "तात्या, दोन वर्षांत लहान पडंल की हे."

"पडू दे. तवा दुसरं बघू. दोन वर्सांनंतरची ऋतू अजून आली न्हाय हितं. जी आलीय तिच्या हाताला बघ."

स्टँडवर त्यांनी पेरू घेतले, मीठ-तिखट लावून. ऋतूनं बारामतीपर्यंत धनुष्य मांडीवरून खाली ठेवलं नाही.

पहिले दोन महिने वाईट गेले. डावा हात म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी. दोरी धनुष्य धरलेल्या हाताच्या कोपराच्या आत लागून काळंनिळं व्हायचं. पण पोटात दुखायचं थांबलं होतं. स्पर्धेत तिचा नंबर आला नाही, यायचाच नव्हता. बाण मात्र गवतात एकही गेला नाही. सगळे मधल्या रंगाच्या जरा खाली, पण एकमेकांच्या जवळ. तात्यांनी टार्गेटपाशी जाऊन त्या बाणांभोवती बोटांचा वेढा घालून बघितला. वेढ्यात सगळे बसले. "बरं हाय," ते म्हणाले, आणि मी उगीचच ट्रॅक्टर लावलाय तिकडं बघत राहिलो.

मला त्यांनी काय दिलं तेही सांगायला हवं. ऋतूला आणायचो तेव्हा मी शेडमध्ये मोबाईल बघत बसायचो. एक दिवस त्यांनी टार्गेटचा मोडका लोखंडी पाय माझ्यापुढं टाकला. "बसून किराणा दुकान चालवायचंय का? ये, जोडायला शिक." त्यांच्या जुन्या वेल्डिंग मशीनवर मी पहिला टाका मारला, तो शेणाच्या पोवासारखा होता. त्यांनी तो छिन्नीनं काढला आणि पुन्हा मारायला लावला. वर्षभर असंच. आज इथं भाषा कळत नाही, भात घशाखाली उतरत नाही, पण जोड बघून माझा सुपरवायझर मान हलवतो, ती मान खरं तर तात्यांना हलवलेली असते. मागच्या दिवाळीला भेटलो तेव्हा त्यांनी माझी बोटं उलटीपालटी करून बघितली. म्हणाले, "डोळ्याला काच लावतोस ना रोज?" लावतो म्हटलं. रोज लावत नव्हतो. आता लावतो.

ते मैदानावरच गेले. सकाळी पोरं सराव करत होती, छातीत कळ आली, खाली बसले ते बसलेच. त्यानंतर ऋतू मैदानावर जाईना. आता ती अकरावीत आहे, राज्याच्या संघाच्या निवडीला उतरायचंय तिला. फोनवर म्हणायची, "दादा, मन होत न्हाय. शेडकडं बघवत न्हाय." दहावा झाला, तेरावा झाला, महिना झाला. माझी तीच जुनी भीती. रोज ठरवायचो, आज रागवायचं. रोज विचारायचो, जेवलीस का.

परवा दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. शेडमधूनच. म्हणाली, रात्री एकदम आठवलं आणि झोपेतून उठून बसले. तात्या संध्याकाळी सगळ्या धनुष्यांच्या दोऱ्या उतरवूनच घरी जायचे, ताणून ठेवलं की लाकूड मरतं म्हणायचे. त्या दिवशी पळापळीत कुणी उतरवल्याच नव्हत्या. शेड तेव्हापासून बंदच, सव्वा महिना तशीच ताणलेली होती सगळी. तिनं एकेक खाली काढून दोरी उतरवली, लाकडावरून हात फिरवून वाक आलाय का बघितलं, मला दाखवलं. शेवटचं तिचं स्वतःचं. ते उतरवून ठेवलं, जरा थांबली… आणि पुन्हा दोरी चढवली.

फोन तिनं दाराशी टेकवून ठेवला. मला अर्धीच दिसत होती. उजव्या हातात धनुष्य, डावा हात गालापाशी, दोन्ही डोळे उघडे. बाण सुटला. कुठं लागला ते फोनमध्ये दिसत नव्हतं. ती बाण आणायला टार्गेटकडं चालत गेली, आणि पडद्यावर नुसती शेडची भिंत आणि ओळीनं टांगलेली, दोऱ्या उतरवलेली धनुष्यं राहिली. इकडं सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. ती परत येईपर्यंत मी फोन बंद केला नाही.